पहिल्या अक्षराची राखण

आरएनएचा नाश करणं हे जगातल्या सोप्या कामांपैकी एक आहे. नुसतं बोट लागलं तरी पुरतं. आपल्या कातडीवर, घामात, थुंकीत, धुळीतल्या जिवाणूंत आरएनए कापणारी एन्झाइमं असतातच. त्यांचं नाव रायबोन्यूक्लिएज. त्यांतली काही इतकी चिवट की उकळून गार केल्यावर पुन्हा कामाला लागतात. गाईच्या स्वादुपिंडातल्या अशा एका एन्झाइमचे स्फटिक मोझेस कुनिट्झनं १९४० साली तयार केले. पुढे शिकागोच्या आर्मर या मांसविक्रीच्या कंपनीनं हे एन्झाइम किलोभर शुद्ध करून शास्त्रज्ञांना फुकट वाटलं. त्या वाटपातून प्रथिनांच्या घडीबद्दल इतकं काही कळलं की १९७२चं रसायनशास्त्राचं नोबेल या एकाच एन्झाइमवर काम केलेल्या तिघांना मिळालं. म्हणजे आरएनए मोडणाऱ्या यंत्राचा अभ्यास फार लवकर आणि फार चांगला झाला. आरएनए मोडू न देण्याच्या युक्त्या मात्र बऱ्याच उशिरा कळल्या, आणि त्या शिकवल्या विषाणूंनी.

पोलिओ, फ्लू, डेंगी, हिपॅटायटिस सी, करोना या सगळ्या विषाणूंची पुंजी आरएनएतच असते. पेशीबाहेर असताना तिच्याभोवती प्रथिनांचं कवच असतं. हे कवच किती महत्त्वाचं ते १९५६मध्ये तंबाखूच्या पानांवर दिसलं. जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्ये गीरर आणि श्राम, आणि अमेरिकेत बर्कलीत फ्रेन्केल-कॉनराट यांनी तंबाखूच्या मोझेइक विषाणूचा आरएनए कवचातून सोडवला आणि तो पानांवर चोळला. नुसत्या आरएनएनंही पानं आजारी पडली. त्या आरएनएत आधी थोडं रायबोन्यूक्लिएज मिसळलं, तर काहीच झालं नाही. पण कवचासकट अखंड विषाणूवर त्याच एन्झाइमचा असर होईना.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण पेशीत शिरल्यावर विषाणूला कवच उतरवावं लागतं. त्याशिवाय आरएनए वाचता येत नाही आणि त्याची नक्कलही करता येत नाही. बाहेर जपून आणलेला ऐवज ऐन कामाच्या वेळी उघड्यावर येतो, आणि पेशीत तर जुना, बिघडलेला, परका आरएनए साफ करणारी माणसं रात्रंदिवस फिरत असतात. (माणसं म्हणजे एन्झाइमं. अकरावीत जीवशास्त्राऐवजी बायफोकल घेतलेल्यांपैकी मी एक, धंद्यानं सॉफ्टवेअर इंजिनियर. मला या गोष्टी माणसांसारख्याच कळतात.) मग पुढचे काही तास तो आरएनए शाबूत कसा राहतो?

करोनाच्या लशींच्या निमित्तानं एमआरएनएबद्दल वाचायला लागलो आणि हळूहळू जुन्या शोधनिबंधांपर्यंत पोचलो. तिथे एक गोष्ट लक्षात आली. पाठ्यपुस्तकं हा विषय ज्या क्रमानं मांडतात, त्याच्या उलट क्रमानं तो घडला आहे. पुस्तकात आधी पेशीचा आरएनए आणि त्याची संरक्षक टोपी येते, मग विषाणू येतो आणि तिची नक्कल करतो. प्रत्यक्षात टोपी आधी विषाणूंवर सापडली. त्यातला पहिला धागादोरा तर रेशमाच्या किड्याच्या विषाणूतून हाती आला.

जपानमध्ये मिशिमा इथे राष्ट्रीय आनुवंशिकी संस्था आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे किन-इचिरो मिउरा आणि त्यांचे तरुण सहकारी यासुहिरो फुरुइची रेशीमकिड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. जपानात रेशीमकिड्याच्या रोगाचा अभ्यास होणं साहजिकच आहे. या विषाणूचं वैशिष्ट्य असं की त्याचा आरएनए दुपदरी असतो, आणि त्यावरून संदेश-आरएनए बनवणारं एन्झाइम तो स्वतःच्या कवचातच बाळगतो. त्यामुळे परीक्षानळीत शुद्ध विषाणू घ्यायचा, आरएनएची चार प्रकारची सुटी अक्षरं घालायची, आणि संदेश तयार होताना पाहायचे. मधे पेशीची लुडबुड नाही.

पण या नळीत संदेश फार थोडे बनत. विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाशी मिथाइल गट चिकटलेला आहे, हे मिउरांच्या गटाला दिसलं होतं. मिथाइल गट म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढासा ठिपका. हा ठिपका काय करतो ते कुणाला सांगता येत नव्हतं. फुरुइचींनी विचार केला की नळीत मिथाइल पुरवणारं कुणीच नाही. पेशीत ते काम एस-अडेनोसिलमेथिओनिन नावाचा रेणू करतो. तो त्यांनी नळीत घातला आणि संदेशांचं उत्पादन एकदम वाढलं. १९७४ साली हे छापून आलं. म्हणजे हा ठिपका शोभेचा नव्हता. संदेश घडवण्याच्या पहिल्याच पायरीशी त्याचा संबंध होता. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रयोग सर्वांत आवडतो. महागडं उपकरण नाही की नवा सिद्धान्त नाही. ‘इथे काय नाहीये?’ एवढा प्रश्न फक्त.

त्याच सुमारास फुरुइची अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या नटली गावच्या रोश इन्स्टिट्यूटमध्ये आरन शॅटकिन यांच्याकडे गेले. शॅटकिन यांचा विषाणू म्हणजे रिओव्हायरस, रेशीमकिड्याच्या विषाणूचा सस्तन प्राण्यांतला भाऊबंद. पोलिओच्या तोंडी लशीचे आल्बर्ट सेबिन यांनी १९५९मध्ये त्याला हे नाव दिलं. त्यातल्या ‘ओ’चा अर्थ अनाथ, कारण याच्या नावावर कुठलाच नेमका रोग लावता येत नव्हता. एक किड्याचा विषाणू आणि एक बिनरोगाचा. आजच्या अनुदान समितीपुढे हे दोन विषय ठेवले असते तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

नटलीत त्यांनी काय केलं ते समजून घ्यायला एक गोष्ट ठाऊक हवी. आरएनएची माळ एका ठरावीक दिशेनं वाचली जाते. तिला पहिलं अक्षर असतं आणि शेवटचं असतं. नव्या बनलेल्या माळेच्या पहिल्या अक्षरापाशी फॉस्फेटची शेपूट मोकळी असते, आणि फॉस्फेट तोडणाऱ्या एन्झाइमनं ती सहज निघते. रिओव्हायरसच्या संदेशांवर ती निघेना. फॉस्फेट तिथे होते, किरणोत्सारी खुणेमुळे ते दिसतही होते, पण एन्झाइमला त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. कुणीतरी वर बसलं होतं. तुकडे पाडत, कागदावर विजेच्या दाबाखाली वेगळे करत अखेर त्याची ओळख पटली. तिथे एक जादा जी अक्षर होतं, तीन फॉस्फेटच्या पुलावरून जोडलेलं आणि तेही उलट्या बाजूनं. माळेतल्या बाकीच्या सगळ्या अक्षरांचा क्रम डोकं, शेपूट, डोकं, शेपूट असा. इथे डोक्याला डोकं. शिवाय या उलट्या अक्षरावर मिथाइलचा ठिपका. फुरुइची, मॉर्गन, मुथुकृष्णन आणि शॅटकिन यांचा हा लेख जानेवारी १९७५मध्ये आला. मिशिमाच्या विषाणूवर आणि बर्नार्ड मॉस यांच्या प्रयोगशाळेत देवीच्या लशीतल्या व्हॅक्सिनिया विषाणूवरही तीच रचना आढळली. वर्ष संपायच्या आत माणसाच्या आणि उंदराच्या पेशींच्या स्वतःच्या संदेशांवरही ती सापडली. तिला टोपी हे नाव पडलं.

टोपी कशासाठी, याची दोन उत्तरं दोन वर्षांच्या अंतरानं मिळाली. १९७५मध्येच मुथुकृष्णन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मिथाइल लागलेली टोपी असेल तर संदेशावरून प्रथिन नीट बनतं. दुसरं उत्तर १९७७चं, आणि आपला विषय तेच. फुरुइची, लाफियांड्रा आणि शॅटकिन यांनी रिओव्हायरसचे तीन प्रकारचे संदेश तयार केले. एकाला मिथाइलसकट टोपी, दुसऱ्याला मिथाइलविना टोपी, तिसरा बोडका. हे तिन्ही त्यांनी आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींत टोचले, शिवाय गव्हाच्या अंकुराच्या आणि उंदराच्या पेशींच्या अर्कातही ठेवले. बोडका संदेश लवकर नाहीसा झाला. टोपीवाले दोन्ही टिकले. मिथाइल असो वा नसो, टिकण्यापुरतं उलटं अक्षर बास होतं. संदेश वाचला जातो म्हणून टिकतो असंही नव्हतं. वाचन होत नसतानाही टोपी राखण करत होती. त्यांनी अनुमान काढलं की पेशीत आरएनए पहिल्या अक्षरापासून कुरतडत जाणारं काहीतरी आहे, आणि टोपी त्याला सुरुवातच करू देत नाही. साडीच्या पदराला गोंडे बांधतात ते पदर उसवू नये म्हणून. तसंच हे, फक्त गाठ एका उलट्या अक्षराची.

कुरतडणारंही लवकरच हाती लागलं. टेनेसीतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत ऑड्री स्टीव्हन्स यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस यीस्टमधून असं एन्झाइम वेगळं केलं. आज त्याला एक्सआरएन१ म्हणतात. आरएनए घडवणारं एन्झाइम ज्यांनी १९६०च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधलं त्यांत याच स्टीव्हन्स होत्या. घडवणारं आणि मोडणारं, दोन्हींच्या शोधात एकाच बाईंचा हात, आणि तरी त्यांचं नाव मी हे जुने निबंध चाळेपर्यंत ऐकलं नव्हतं.

रिओव्हायरसच्या टोपीची पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. २००० साली त्याच्या गाभ्याची स्फटिकरचना छापून आली. गाभ्यावर बुरुज आहेत, आणि नवा संदेश बाहेर पडताना त्या बुरुजांतून जातो. टोपी चढवणारी एन्झाइमं तिथेच. म्हणजे दारातून बाहेर पाय ठेवण्याआधीच डोक्यावर टोपी. दुपदरी मूळ आरएनए तर गाभ्याबाहेर येतच नाही. फ्लूचा विषाणू याहून निर्ढावलेला. तो टोपी बनवायच्या फंदात पडत नाही. पेशीच्या संदेशांची टोपी त्यांच्या दहा-तेरा अक्षरांसकट कापून घेतो आणि आपल्या संदेशाला जोडतो. रॉबर्ट क्रुग यांच्या गटानं हे १९७८ ते ८१च्या दरम्यान उलगडलं. २०१८मध्ये जपाननं मंजूर केलेलं बॅलोक्झाविर हे फ्लूचं औषध नेमकी ही कात्री बंद पाडतं. आणि करोनाच्या एमआरएनए लशी या टोपीशिवाय बनल्याच नसत्या. पुण्यात, हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीच्या ज्या एमआरएनए लशीला जून २०२२मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, तिच्यामागेही रेशीमकिड्याच्या विषाणूपासून सुरू झालेली ही वाट आहे.

आता पोलिओ. सगळ्यांना टोपी सापडत असताना १९७६मध्ये एकार्ड विमर आणि डेव्हिड बाल्टिमोर यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी सांगितलं की पोलिओचा जो आरएनए प्रत्यक्ष वाचला जातो, त्याला टोपी नाही. पहिलं अक्षर यू, आणि त्यावर एकच फॉस्फेट. आज मागे वळून पाहिलं की हे धाडसच वाटतं, कारण एकच फॉस्फेट असलेलं टोक हे एक्सआरएन१चं आवडतं खाद्य आहे. तीन फॉस्फेट असले तर ते सहसा तोंड लावत नाही. सुमारे साडेसात हजार अक्षरांची माळ घेऊन हा विषाणू बोडक्या डोक्यानं पेशीत हिंडतो, तेही आपलं टोक अगदी तिला हवं तसं ठेवून.

कणात बंद असलेल्या पोलिओच्या आरएनएवर मात्र १९७७मध्ये याच दोन गटांना काहीतरी सापडलं. टोकाला अवघ्या २२ अमिनो आम्लांचं एक प्रथिन जोडलेलं होतं. त्याला व्हीपीजी म्हणतात. त्याच्यापासूनच आरएनएची नवी नक्कल सुरू होते. पण आरएनए पेशीत शिरून वाचला जायला लागेपर्यंत हे प्रथिन निघून गेलेलं असतं. ते काढणारं एन्झाइम विषाणूचं नव्हे, पेशीचं. बाल्टिमोर यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्यानं १९७८मध्ये ही क्रिया दाखवली, प्रथिन आणि आरएनए यांच्यातला सांधा कोणता तेही शोधलं. त्याचं नाव व्हिक्टर ॲम्ब्रोस. हे नाव पुन्हा येणार आहे. ते सांधा तोडणारं एन्झाइम नेमकं कोणतं याचा छडा लागायला २०१२ उजाडलं. निघालं काय, तर डीएनएच्या दुरुस्तीचं काम करणारं टीडीपी२.

मग टोपीही नाही आणि प्रथिनही नाही, अशा पोलिओच्या संदेशाला वाचवतं कोण? त्याची पहिली सुमारे ९० अक्षरं बेलाच्या पानासारखी तीन दळांत दुमडलेली असतात. पेशीचंच एक प्रथिन, जे एरवी सी अक्षरांच्या रांगा धरतं, ते येऊन या त्रिदळाला बिलगतं. हा बिलगण्याचा टप्पा मोडला की विषाणूचा आरएनए भराभर नष्ट होतो, हे २००१मध्ये डेव्हिड बार्टन यांच्या गटानं दाखवलं. शिवाय पोलिओची लागण झालेल्या पेशीत काही तासांत एक्सआरएन१च कमी होत जातं, असं २०११मध्ये दिसलं. राखणदार यजमानाच्या घरातला आणि कुरतडणाराही यजमानाचा. विषाणूनं फक्त पहिल्याला जवळ केलं आणि दुसऱ्याचा काटा काढला.

इथून मी हिपॅटायटिस सी या विषाणूकडे येतो, कारण यजमानाच्या घरातला राखणदार वापरण्याची कमाल त्यानं केली आहे. हा विषाणू १९८९मध्ये ओळखला गेला. त्याच्याही सुमारे ९६०० अक्षरांच्या आरएनएला टोपी नाही. प्रयोगशाळेत तो वाढवणं अनेक वर्षं जमत नव्हतं. १९९९मध्ये जर्मनीत लोमान आणि बार्टेनश्लागर यांना त्याच्या आरएनएची छाटलेली आवृत्ती एचयूएच-७ या यकृताच्या गाठीतल्या पेशींत स्वतःच्या नकला करताना दिसली. हेपजी२ ही यकृताच्याच गाठीतली दुसरी पेशी. तिच्यात मात्र हे होईना. दोघी यकृताच्या. मग फरक काय?

फरक होता २२-२३ अक्षरांच्या एका चिमुकल्या आरएनएचा. असे चिमुकले आरएनए असतात हेच मुळी १९९३पर्यंत माहीत नव्हतं. पहिला सापडला एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात, आणि तो शोधणाऱ्यांत होते तेच व्हिक्टर ॲम्ब्रोस, पोलिओचं प्रथिन सोडवणारे. २०२४चं नोबेल त्यांना आणि गॅरी रुव्हकुन यांना याच मायक्रोआरएनएसाठी मिळालं. मायक्रोआरएनएचं नेहमीचं काम दाबण्याचं: एखाद्या संदेशाच्या शेवटाकडे जाऊन बसायचं, त्याचं वाचन रोखायचं, त्याला लवकर संपवायचं. एमआयआर-१२२ हा मायक्रोआरएनए यकृतात विपुल असतो. एचयूएच-७मध्ये तो होता, हेपजी२मध्ये नव्हता.

स्टॅनफर्डमधल्या पीटर सार्नो यांच्या प्रयोगशाळेत कॅथरीन जॉपलिंग यांनी २००५मध्ये एचयूएच-७ पेशींतला एमआयआर-१२२ बंद पाडला. संदेश मारणारा पहारेकरीच काढला म्हटल्यावर विषाणू वाढायला हवा होता. तो घटला. विषाणूच्या आरएनएच्या अगदी सुरुवातीला एमआयआर-१२२ बसण्याची जागा होती (पुढे कळलं की अशा दोन जागा आहेत), आणि ती बिघडवली तरी विषाणू मरत होता. पुढल्या काही वर्षांत चित्र उलगडलं. हा मायक्रोआरएनए शेवटाकडे न बसता आरंभाला बसतो, आणि त्याचा एक भाग पहिल्या अक्षरांवर असा पसरतो की ती झाकली जातात. २०१२मध्ये स्टॅन्ली लेमन यांच्या गटानं दाखवलं की एमआयआर-१२२ असताना विषाणूचा आरएनए जास्त वेळ टिकतो, आणि त्याला कुरतडणाऱ्यांत आपला जुना ओळखीचा एक्सआरएन१ असल्याचं पुढे कळलं. जी व्यवस्था पेशीनं संदेश संपवण्यासाठी उभी केली, तिच्यातला एक रेणू विषाणूनं टोपीसारखा डोक्यावर घेतला.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर फारच गोंडस झाली असती. पण लेमन यांच्याच गटानं २०१३मध्ये पेशींतून एक्सआरएन१ कमी करून पाहिलं. टोपीचा उपयोग फक्त कुरतडणाऱ्यापासून वाचवणं एवढाच असता, तर कुरतडणारा गेल्यावर तिची गरज संपायला हवी होती. ती संपली नाही. एक्सआरएन१ नसतानाही विषाणूला एमआयआर-१२२ लागतच होता. म्हणजे राखणीखेरीज त्याचं आणखीही काम आहे. २०१८च्या सुमाराच्या संशोधनानुसार विषाणूच्या आरएनएची सुरुवात योग्य घडीत बसवायलाही तो मदत करतो. लोकप्रिय लेखांतून हा भाग गाळला जातो, हे मला खटकतं.

या शोधातून एक औषध जवळजवळ आलंच होतं. डेन्मार्कच्या सांतारिस कंपनीनं एमआयआर-१२२ला बांधून ठेवणारा रेणू केला, मिरावर्सेन. लागण झालेल्या चिंपांझींत त्यानं विषाणू घटवला. २०१३मध्ये ३६ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले; आठवड्याला एक अशी पाच इंजेक्शनं, आणि मात्रा वाढेल तसा विषाणू खाली. औषधाचा रोख विषाणूवर नव्हताच, त्याच्या राखणदारावर होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुविरला परवानगी मिळाली. ते विषाणूची नक्कल करणारं एन्झाइमच अडवतं; गोळीच्या रूपात येतं, आणि इतर औषधांच्या जोडीनं साधारण १२ आठवड्यांत बहुतेकांना बरं करतं. मिरावर्सेन मागे पडलं. रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तर योग्यच झालं. तरी यजमानाच्या रेणूवर रोख धरण्याची ही कल्पना पूर्ण कसाला लागायच्या आतच बाजूला पडली, याची मला थोडी चुटपुट आहे.

शेवटी डेंगीचा विषाणू, जो हिपॅटायटिस सीच्याच कुळातला. याच्या आरएनएला टोपी आहे, ती तो स्वतः बनवतो. तरीही त्यातले बरेच आरएनए एक्सआरएन१च्या तोंडी पडतातच. ते पहिल्या अक्षरापासून कुरतडत सुटतं, दहा हजारांहून अधिक अक्षरं संपवत येतं, आणि शेवटच्या काहीशे अक्षरांपाशी अडकतं. डेंगीच्या चुलतभावांपैकी वेस्ट नाइल विषाणूवर हा उरलेला तुकडा २००८मध्ये नीट ओळखला गेला. तो उरू दिला नाही तर विषाणू पेशींना आणि उंदरांना पुरेसा घातक ठरत नाही. २०१४मध्ये कोलोरॅडोत जेफ्री कीफ्ट यांच्या गटानं, याच कुळातल्या ऑस्ट्रेलियातल्या एका विषाणूच्या आरएनएची स्फटिकरचना काढून, अडकण्याचं कारण दाखवलं. तिथे आरएनए स्वतःभोवती एक कडं करतो आणि त्याच कड्यातून आपलं पुढचं टोक ओवून घेतो. समोरून कुरतडत आलेल्या एन्झाइमला ते कडं उलगडता येत नाही. मागच्या बाजूनं, नक्कल करत येणाऱ्या एन्झाइमसाठी मात्र तीच गाठ सुटते. उरलेला तुकडा एक्सआरएन१लाच अडकवून ठेवतो आणि पेशीच्या बचावात अडथळे आणतो.